गुळाचा खडा

"गुळाचा डबा कुठं गेला?" ड्यूटीवरून आलेल्या बन्सीनं चपला काढायच्या आतच विचारलं.

"लपवला," मोबाइलमधून मान वर न करता त्याची लेक उत्कर्षा म्हणाली. "काल तपासणीत शुगर दोनशे चाळीस निघालीय तुमची."

बन्सी मूळचा परभणीकडचा. बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात बावीस वर्षं पावडरची पोती भरत होता. सुटल्यावर गुळाचा खडा खाल्ला की छातीतली धूळ खाली उतरते, हे पहिल्याच दिवशी मुकादमानं त्याला सांगितलेलं. गुळावर त्याचा एवढा भरवसा, की मास्क खिशातच असायचा आणि साहेब दिसला तरच तोंडावर चढायचा.

"गूळ खातो म्हणून तर टिकलो! आणि तू मला शिकवतीस? लायसन मिळून महिना नाय झाला, बेटेगावहून क्लासला बिनहेल्मेटची गाडी पिटाळतीस. टँकर बघितलेस का त्या रस्त्याचे?"

"दहा मिनिटांचा तर रस्ता हाय, पप्पा. केस चपटे होतात. मला काय होत नाय."

"मलाबी बावीस वर्षं काय झालं नाय!"

म्हणायला आणि ठसका लागायला एकच गाठ पडली. खोकला थांबेना, तशी उत्कर्षा मोबाइल टाकून पाणी घेऊन धावली. तिचा उतरलेला चेहरा पाहून बन्सीला फार वाईट वाटलं. ती गाडी काढते तेव्हा आपलाही चेहरा असाच होत असणार.

"बापलेक सारखेच," स्वयंपाकघरातून त्याची बायको अर्चना म्हणाली. "एकाला धूळ दिसत नाय, दुसरीला टँकर."

"तुमी मास्क घाला, मी हेल्मेट घालते," उत्कर्षा म्हणाली. "पूर्ण पाळी. साहेब नसला तरी."

"आणि गूळ?"

"बंद."

"संक्रांतीला तरी?"

"बघू."

दुसऱ्या दिवशी बन्सीनं सकाळीच मास्क चढवला. शेजारी पोती शिवणारा अंकुश दचकला. "काका, साहेब आला काय?"

"त्याच्यावरचा साहेब हाय. घरी."

सुटल्यावर त्यानं मास्क काढला. पांढरा मास्क एका पाळीत बाहेरून पिवळाजर्द झाला होता. बन्सीनं मनात बावीस वर्षांचा हिशोब धरला आणि अर्ध्यातच सोडून दिला.

गेटबाहेर उत्कर्षा गाडीवर थांबली होती, डोक्यावर हेल्मेट, हातात दुसरं.

"मागं बसणाऱ्यानंपण घालायचं असतं."

"माझे कुठं केस राहिलेत चपटे व्हायला!" बन्सी हसत म्हणाला आणि हेल्मेट घातलं.

"मास्क लावलेला ना दिवसभर? दाखवा बघू."

"लावलेला गं. चल लवकर, भूक लागलीय," असं म्हणून तो मागं बसला आणि पिवळा मास्क तिला दिसणार नाही असा खिशात खोल सारला.