वहिनींची साक्ष

विद्यापीठात त्यांना सगळेच वहिनी म्हणत, कारण तिथले सुरक्षा अधिकारी हे त्यांचे सख्खे दीर. नवऱ्याची पाठ कायमची गेली आणि तो घरी बसला, तेव्हा दिरांनीच खटपट करून वहिनींना लायब्ररीत लावलं होतं. पहिल्या दिवशी ते स्वतः त्यांना काउंटरपर्यंत घेऊन आले आणि म्हणाले, "या आमच्या वहिनी. सांभाळून घ्या." त्याला सोळा वर्षं झाली. वहिनींचं खरं नाव आता हजेरीपत्रकापुरतंच उरलं होतं.

काउंटरवर बसणाऱ्याला माणसं पुस्तकांवरून कळत जातात. सतरा नंबरच्या टेबलावर एक संशोधन करणारी मुलगी बसायची. बारीक चणीची, पुस्तकं वेळच्या वेळी परत करणारी. एकदा वहिनींच्या ध्यानात आलं, की ही जे पुस्तक परत करते, तेच त्याच दिवशी एक जण घेऊन जातो. एखाद्या वेळी ठीक आहे, पण असं नऊ वेळा झालं होतं. तो तिच्याच विभागातला, तिच्या दोन वर्षं पुढचा संशोधक होता. बोलायला गोड, कपडे इस्त्रीचे, वहिनींना वाकून नमस्कार करणारा. बसायचा मात्र नेमका तिच्या मागच्या टेबलावर.

वहिनींनी तिला विचारलं, "तो तुझा कोण?"

मुलीने आधी मागे वळून पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "कोणी नाही. मी नाही म्हटलंय त्याला. दोनदा. आता मी पुस्तकांत खुणा केलेल्या ओळी उतरवून तो त्यांखाली मला चिठ्ठ्या लिहितो आणि माझ्या टेबलावर ठेवतो. आधी माफी मागायचा, आता धमक्या देतो."

"मग तक्रार कर की."

"विभागात सांगितलं. म्हणाले, तुमचं तुम्ही मिटवा, मोठे आहात."

वहिनींनी त्याच दुपारी दीड पान लिहून काढलं. पुस्तकांची नावं, तारखा, टेबलांचे नंबर, मुलीने सांगितलेलं सगळं. कागद घेऊन त्या सुरक्षा कार्यालयात गेल्या. आवक नोंदवही समोरच उघडी होती, पण भाऊजींनी मध्येच हात पुढे केला.

"नोंदवहीत कशाला, वहिनी? द्या माझ्याकडे. घरच्या माणसाला शिक्का कशाला लागतो?"

वहिनींना ते बरंच वाटलं. घरचं माणूस म्हणजे काम लवकर होईल.

तीन आठवडे काहीच झालं नाही. दोनदा त्यांनी घरी विषय काढला. दीर वरच्या मजल्यावर राहायचे, जेवायला खाली यायचे. "बघतो," म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले, "वहिनी, ऑफिस ताटात वाढू नका." सासूबाई हसल्या, नवराही हसला.

चौथ्या आठवड्यात, भर दुपारी चार वाजता, त्याने तिला लायब्ररीच्या जिन्यात गाठलं. ती थांबली नाही म्हणून दंड धरून ओढलं, आणि ओढाओढीत ढकलून दिलं. अकरा पायऱ्या. मनगट मोडलं, जबडा मोडला, डोक्याला मार लागला. आवाज ऐकून पहिल्या धावल्या त्या वहिनीच. मुलीचं डोकं मांडीवर घेऊन त्या रुग्णवाहिका येईपर्यंत पायरीवर बसून राहिल्या.

आठवडाभरात चौकशी समिती बसली. तिचा पहिला प्रश्न सगळ्यांना ठाऊक होता. या प्रकाराची आधी कुणाला कल्पना होती का?

वहिनींची साक्ष होती त्या सकाळी भाऊजी खाली आले. चहा घेतला नाही. उभ्यानेच म्हणाले, "तो कागद मला सापडत नाहीये. आणि सापडला तरी वाईटच. माझी नोकरीची दोन वर्षं राहिलीत, वहिनी."

"पण मी दिला होता, भाऊजी."

"मी कुठे नाही म्हणतोय? फक्त लक्षात नाही म्हणा. खोटं नका बोलू. लक्षात नाही, एवढंच."

नवरा पलंगावरून म्हणाला, "त्याने आपल्यासाठी काय नाही केलं?" आणि सासूबाई म्हणाल्या, "मुलगी बरी होईल गं. तरुण हाड आहे. घरातला माणूस एकदा रस्त्यावर आला की आला."

समितीसमोर वहिनी साडेचार मिनिटं होत्या. "मी काही बोलले असेन तोंडी," त्या म्हणाल्या. "नेमकं लक्षात नाही." लिहून घेणाऱ्याने ते लिहून घेतलं. मुलीचा जबडा तारांनी बांधलेला होता, त्यामुळे तिने सगळं लेखी कळवलं होतं. पण चिठ्ठ्या तिने भीतीपोटी फाडून टाकल्या होत्या. आधीची लेखी तक्रार कुठेच नाही, म्हणजे हा अचानक उफाळलेला वाद, असं समितीने ठरवलं. त्याला एका सत्रापुरतं काढलं.

आणि विद्यापीठाने सगळ्यांसाठी सुरक्षा प्रशिक्षण सक्तीचं केलं.

मोठ्या सभागृहात चारशे माणसं. पहिल्या रांगेत कुलसचिव, मागे शिक्षक, त्यांच्या मागे कारकून, सगळ्यांत मागे सफाई कामगार. बाहेरून आलेल्या प्रशिक्षक बाई उत्साही होत्या. कॉलरला माइक, हातात रिमोट. पडद्यावर तीन शब्द आले: पाहा, सांगा, नोंदवा. बाईंनी ते सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतले. शाळा सुटून तीस वर्षं झालेली माणसं एका सुरात म्हणाली. मागे कोणीतरी पुटपुटलं, "चौथा शब्द राहिला. विसरा." आजूबाजूचे खुसखुसले.

मग भाऊजी बोलायला उभे राहिले. गणवेश कडक, आवाज भारदस्त. "त्या दिवशी जे झालं त्याचं दुःख सगळ्यांत जास्त मला आहे," ते म्हणाले. "पण आम्हाला स्वप्न पडत नाही. लायब्ररीत रोज शंभर माणसं बसतात. एकाने, फक्त एकाने येऊन सांगितलं असतं, तर ती मुलगी आज इथे बसली असती. आणि स्पष्ट बोलायचं तर तिनेही वेळेवर तोंड उघडायला हवं होतं."

लोकांच्या माना लायब्ररीच्या रांगेकडे वळल्या. वहिनींच्या शेजारची कॅटलॉगवाली कानाशी लागली, "ऐकलंत? खापर आपल्यावर." वहिनींच्या डोक्यात मात्र भाऊजींचं शेवटचं वाक्य घोळत होतं. तोंड उघडायला हवं होतं, म्हणे. तारांनी बांधलेल्या तोंडाबद्दल.

शेवटी प्रात्यक्षिक होतं. तक्रार करणारी एक व्यक्ती आणि ऐकून घेणारे अधिकारी. अधिकारी म्हणून भाऊजी आधीच खुर्चीवर बसले होते. बाईंनी हजेरीपत्रकावर बोट ठेवून एक नाव पुकारलं. क्षणभर कोणीच हललं नाही. ते नाव कोणाचं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं. मग वहिनी उठल्या.

त्यांना पाहून भाऊजींचा चेहरा सैलावला. बाईंनी वहिनींच्या हातात एक कार्ड दिलं. त्यावर संवाद छापलेले होते.

"या, बसा," भाऊजी गोड आवाजात म्हणाले. "घाबरू नका. तुम्ही सांगाल ते सगळं मी नोंदवहीत लिहून घेणार आहे."

वहिनींनी कार्ड टेबलावर पालथं ठेवलं.

"सतरा नंबरच्या टेबलावर एक मुलगी बसते," त्या म्हणाल्या. "तिने परत केलेलं प्रत्येक पुस्तक एक माणूस त्याच दिवशी नेतो. नऊ पुस्तकं झाली. तारखा मी लिहून आणल्यात. तिने त्याला दोनदा नाही म्हटलंय. तो तिला धमक्या लिहितो."

भाऊजी कसंबसं म्हणाले, "ठीक आहे. आम्ही बघतो."

"हेच म्हणाला होतात. नोंदवहीत कशाला, वहिनी, द्या माझ्याकडे, हेही म्हणाला होतात. मी दिला. तो कागद कुठे आहे, भाऊजी?"

तेवढ्यात प्रशिक्षक बाईंनी टाळ्या वाजवल्या. "अप्रतिम! किती खरं वाटलं, नाही? असाच पाठपुरावा करायचा असतो." त्यांच्यामागोमाग सभागृहानेही टाळ्या वाजवल्या. पाठीमागच्या रांगा तर अगदी जोरात.

"हे नाटक नाही," वहिनी म्हणाल्या. माइक त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी पुन्हा ओरडून सांगितलं, आवाज फाटेपर्यंत. "हे नाटक नाही! मी समितीपुढे खोटं बोलले!"

टाळ्या हळूहळू विझल्या. कुलसचिव उठले आणि म्हणाले, आपण चहासाठी थांबू या.

समिती पुन्हा बसली, दोन वेळा. निकालाचं पत्र एका परिच्छेदाचं होतं. साक्षीदाराची दोन्ही निवेदनं परस्परविसंगत असल्याने कोणतंही ग्राह्य धरता येत नाही. भाऊजींना समज देण्यात आली. त्या माणसाची शिक्षा तेवढीच राहिली. पुढच्या सत्रात तो परत आला, इस्त्रीच्या कपड्यांत. वहिनींची बदली तळघरातल्या बाइंडिंग विभागात झाली. तिथे फाटक्या पुस्तकांना डिंक लावायचा आणि ती दाबाच्या मशीनखाली ठेवायची.

घरी सासूबाईंनी आपलं अंथरूण वरच्या मजल्यावर नेलं. भाऊजी खाली जेवायला येईनासे झाले. नवरा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "बोलायचंच होतं तर आधी बोलायचं. नाहीतर मग कधीच नाही." ते शब्द वहिनींना लागले, कारण त्यातला पहिला अर्धा भाग खरा होता.

सत्र संपत आलं तेव्हा एक गृहस्थ तळघराचा जिना उतरून आले. साठीच्या आसपासचे, हातात रिकामी पिशवी. वर काउंटरवर मुलीची पुस्तकं परत करून, "वहिनी कोण?" असं विचारत ते खाली आले होते.

"मी तिचा बाप," ते म्हणाले.

वहिनींनी डिंकाचे हात फडक्याला पुसले, खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"कशी आहे ती?"

"जेवते आता नीट. इथे येणार नाही. दुसरीकडे काही बघू." त्यांनी पिशवीची घडी घातली, पुन्हा उलगडली. "तिने एकच विचारून यायला सांगितलंय. तुम्ही पहिल्यांदा समितीला म्हणालात, लक्षात नाही. खरंच नव्हतं का?"

"होतं," वहिनी म्हणाल्या. "सगळं लक्षात होतं."

त्या गृहस्थांनी मान हलवली. राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं.

"बरं झालं विचारलं. काय आहे, डोक्याला मार होता ना तिच्या. तुमचं निवेदन तिने वाचलं, आणि तिला वाटायला लागलं, की आपण तुम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. आपल्याला भास झाला. चिठ्ठ्यासुद्धा भासच असतील. दोन महिने ती आम्हाला हेच विचारायची, मी वेडी झालेय का? आम्हाला तरी काय ठाऊक? आम्ही तिला डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू केल्या."

वहिनींनी मशीनचा दांडा धरला.

"मी येऊ का तिला भेटायला? एकदाच. माफी तरी..."

"नको," ते शांतपणे म्हणाले. "एवढंच हवं होतं तिला. मी तिला सांगतो, की तुम्हाला सगळं आठवत होतं."

ते जिना चढून गेले. वहिनींनी हे घरी सांगितलं नाही. घरात त्यांच्याशी बोलणारं आता कुणी नव्हतं, आणि असतं तरी सुरुवात कुठून करायची, हे त्यांना कळलं नसतं.