वारसाचा रकाना

"जनता कोण होणार?" बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि नववीच्या अडतीस मुलांपैकी एकाचाही हात वर झाला नाही.

एरवी हात वर करण्यात हा वर्ग कुणाला ऐकणारा नव्हता. पाच मिनिटांपूर्वीच फळ्यावर तीन देश तयार झाले होते. एकात राजाचा हुकूम, दुसऱ्यात सगळं सगळ्यांचं, तिसऱ्यात बाजार ठरवेल ते. प्रत्येक देशाला वीस कागद, एक कात्री, डिंकाची एक बाटली. अर्ध्या तासात कागदी पाकिटं करायची आणि वाटायची. कुठे कुणाच्या पदरात काय पडतं ते बघायचं. पण राजाच्या देशात एक राजा आणि अकरा सेनापती निघाले, सगळ्यांच्या देशात तेरा जणांची समिती बसली, आणि बाजारात झाडून सगळे व्यापारी.

"अरे, मग पाकिटं द्यायची कुणाला? कुणीतरी साधा माणूस हवा ना."

"साधा माणूस होऊन काय मिळतं, बाई?"

"तेच तर बघायचंय."

"मग दुसऱ्या कुणाचं तरी बघू या."

तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं. जेवणाचा डबा हातात घेऊन घंटाकाका उभे होते.

"बाई, हा डबा कुणीतरी विसरलंय वाटतं," ते छताकडे बघत म्हणाले.

डबा बाईंचाच होता, सकाळी ओट्यावर राहिलेला. आणि तो आणून देणारे घंटाकाका त्यांचे वडील होते. वर्गात ही गोष्ट त्या दोघांनाच ठाऊक होती. कार्यालयातल्या जुन्या कारकुनांना माहीत होतं, पण त्यांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नव्हता.

एकतीस वर्षं त्यांनी या शाळेची घंटा वाजवली. लेक पाचवीत इथे आली तेव्हा पहिल्याच दिवशी मुली त्यांच्या खाकी कपड्यांना हसल्या. घरी येऊन तिने पाय आपटत सांगितलं होतं, "शाळेत मला ओळख दाखवायची नाही."

बाबांनी चष्मा नाकावर सरकवला. "बरं, बाई."

तेव्हापासून शाळेत ते तिला बाई म्हणत, ती त्यांना काका. पुढे ती इथेच नागरिकशास्त्र शिकवायला लागली, तेव्हा ते चहा ओतता ओतता म्हणाले, "या लोकांनी तुला आत्ता बाई केलं. मी पाचवीतच करून ठेवली होती." दोघं हसली होती. करार मोडायला तो दिवस बरा होता, पण तो हसण्यात गेला. नंतर निमित्त सापडेना. आणि पुढे पुढे तिला त्यांच्या खाकी कपड्यांची नव्हे, आपल्या त्या कराराचीच लाज वाटायला लागली. ती सांगायची कुणाला? ते निवृत्त झाले तरी करार चालूच राहिला.

"काका, तुम्ही जनता व्हा!" राजा बाकावर चढून ओरडला.

काकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, सदऱ्याची कॉलर सरळ केली आणि जनता झाले.

राजाच्या देशात तोवर चार पाकिटं तयार झाली होती आणि चारही राजाच्या खिशात होती.

"महाराज, एक पाकीट मिळेल का?"

"रांगेत उभे राहा."

"रांगेत मी एकटाच आहे."

"मग शिस्तीत उभे राहा!"

काका शिस्तीत उभे राहिले. अकरा सेनापतींनी त्यांच्याभोवती बंदोबस्त ठेवला. दहा मिनिटं झाली तरी घोडं पुढे सरकेना, तेव्हा ते बाजाराकडे वळले. तिथे एका मुलाने टोकयंत्र देऊन कात्री पटकावली होती आणि आता ज्याच्या हाती कात्री तो पारधी, अशी गत होती. बाकी बारा व्यापारी त्याला शेठ म्हणत होते.

"फुकट काही नाही, काका. बदल्यात काय देता?"

"मधली सुट्टी दोन मिनिटं आधी दिली असती. पण आता घंटा माझ्या हातात नाही."

"मग तुमचं भांडवल संपलं, काका."

"एकतीस वर्षं पुरलं की," काका म्हणाले.

सगळ्यांच्या देशात एक पाकीट तयार होतं. समितीने सात वेळा हात वर करून त्याचे सारखे तेरा तुकडे करायचं ठरवलं होतं.

"तुमची गरज काय?" समितीच्या अध्यक्षेने विचारलं. दोन वेण्या, आणि कानामागे पेन.

"अर्ज करायचाय. पाकिटात घालून द्यावा म्हटलं."

"पाकीट नसलं तरी अर्ज आहे." तिने पट्टीने आखलेला कागद पुढे केला. नाव, काम, मागणी, वारस. "हाच तिन्ही देशांना चालेल. तसा ठराव झालाय."

"वारस कशाला?"

"आमच्याकडे कामं हळू होतात, काका. म्हणून."

सगळा वर्ग हसला. काकाही हसले. मग त्यांनी एकेक अक्षर कोरत अर्ज भरला. वारसाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. त्यांनी मान वर केली. बाई फळा पुसत होत्या. फळ्यावर पुसण्यासारखं फारसं काही नव्हतं.

"हा राहू दे," काका म्हणाले, आणि पट्टी मागून घेऊन रकान्यात एक सरळ रेघ ओढली.

जाताना ते दाराशी थांबले. "येतो, बाई."

"काका, दार ओढून घ्या," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी पेपर तपासायचे होते. बाई घरी पोचल्या तेव्हा बाबा झोपले होते. सकाळी चहा निवला तरी उठले नाहीत.

दोन आठवड्यांनी बाई शाळेत आल्या. मुलांना एवढंच सांगितलं होतं की बाई रजेवर आहेत. घंटाकाका गेल्याचं प्रार्थनेच्या वेळी वेगळं सांगून झालं होतं, दोन मिनिटं उभंही राहून झालं होतं. बाईंनी दार उघडलं तेव्हा वर्गात तिन्ही देशांची एकत्र बैठक चालू होती. म्हणजे भांडण चालू होतं.

"बाई, आपली जनता गेली," राजा म्हणाला. आज तो बाकावर चढला नव्हता.

"काका आमचे नागरिक होते," एक सेनापती म्हणाला. "सगळ्यात जास्त वेळ आमच्या रांगेत उभे होते."

"उभंच ठेवलंत ना! काम काय केलंत?" शेठ उसळला. "आमच्याशी निदान धड बोलले तरी."

"अर्ज आमच्याकडे दिला होता," अध्यक्षा म्हणाली, "आणि मंजूर पण केलाय. एकमताने. पहिल्यांदाच."

"काय मागितलं होतं त्यांनी?" बाईंनी विचारलं. खुर्ची ओढून त्या बसल्या.

अध्यक्षेने कागद उलगडला. "घंटेखाली एक स्टूल मिळावं. नवे शिपाई उंचीने कमी आहेत. टाचा वर करून टोल मारावा लागतो, म्हणून पहिला टोल चुकतो. त्यांना सांगू नये, वाईट वाटेल."

कुणी हसलं नाही.

"माझ्या दुकानातलं स्टूल देतो," शेठ म्हणाला. "खरं दुकान, बाई. वडिलांचं. आणि बदल्यात काही नको."

"पण देता येत नाही." अध्यक्षेने कानामागचं पेन काढलं. "अर्जदार नसेल तर वारसाने मागायचं, नाहीतर अर्ज रद्द. नियम आम्हीच केलाय. आज काकांसाठी मोडला, तर उद्या राजा रोज मोडेल."

"मोडेनच," राजाने कबूल केलं. मग त्याने विचारलं, "बाई, काकांना कुणीच नव्हतं का?"

बाईंनी हात पुढे केला. अध्यक्षेने कागद दिला. अक्षर तेच, घरच्या डब्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवरचं. वारसाच्या रकान्यातली रेघ कुठेही हलली नव्हती.

बाहेर तासाची घंटा झाली. आधी पितळेवर काहीतरी नुसतंच घासल्यासारखं वाजलं, आणि मग टोल पडला.

"चुकला," शेठ हळूच म्हणाला.

बाईंनी कागद अध्यक्षेसमोर ठेवला. "लिही. मुलगी."

"काकांना मुलगी होती?" अध्यक्षेने पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं. "पण सही लागेल, बाई. कुठे असते ती?"

बाई उठून उभ्या राहिल्या.

"इथे," त्या म्हणाल्या. "ते माझे बाबा होते."