पातळ रक्त

चिंचेच्या झाडावरून रामकिसन पडला तो मानेवरच. हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. लोक धावत आले तेव्हा श्वास थांबलेला होता आणि कानातून आलेलं रक्त गोठत होतं.

दुपारी प्रेताला आंघोळ घालताना त्याच्या कानातून पुन्हा रक्त ओघळलं, पाण्यासारखं पातळ. थोरला भाऊ इंद्रभान ते पाहून ओरडला, "मेल्या माणसाचं रक्त गोठते. हे पातळ काहून? सकाळी हिनंच भाकर देली त्याले. जहर घातलं हिनं!"

रुख्मिणी, रामकिसनची बायको, उंबऱ्याशी बसली होती. तिला आधी कळलंच नाही, कोणाबद्दल बोलतात ते. कळलं तेव्हा तिला बायांनी धरून कडब्याच्या खोलीत कोंडलं होतं. उकंडराव पाटलांनी प्रेत छकड्यात घालून वाशीमच्या दवाखान्यात तपासायला न्यायला सांगितलं आणि स्वतः सोबत गेले. तिनं दार बडवलं. "एक डाव त्याचं तोंड पाहू द्या!" कोणी कडी काढली नाही.

डॉक्टरांनी प्रेत उघडून पाहिलं. विषाचा मागमूस नव्हता, मान मोडली होती. उन्हाळा होता, प्रेत राहण्याजोगं नव्हतं. इंद्रभाननं तिथंच अग्नी दिला.

परत आल्यावर पाटलांनी चावडीवर लोक जमवले आणि रुख्मिणीलाही खोलीतून काढून तिथं आणवलं. "डॉक्टर म्हणे, जित्या माणसाच्या अंगातच रक्त पातळ ठेवणारं द्रव्य तयार होते. नाही तर नसांमंदीच रक्ताचं दही झालं असतं. माणूस झटक्यात मेला, तर गोठलेलं रक्तही त्याच्यानं पुन्हा इरघळते. त्याच्यात जहर नसते." मग ते रुख्मिणीकडे वळले. "झालं पोरी, सुटली तू. जाय घरी."

ती जागची हलली नाही. भासऱ्यासमोर, थोरल्या दिरासमोर, तोंड उघडायची रीत नव्हती. तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि सरळ इंद्रभानकडे पाहिलं.

"सुटली? मी बांधली कायले गेली होती? माह्या नवऱ्याचं अंग त्याचं रक्त पातळ ठेवत होतं, अन् तुमी मले खुनी केलं! साऱ्या गावासमोर बोलले ना? आता तेवढ्याच लोकांसमोर वापस घ्या."

इंद्रभान खाली पाहत पुटपुटला, "चुकलं."

"आयकू नाही आलं."

लोकांत चुळबूळ झाली. कोणी म्हणालं, "जाऊ दे ना बाई, त्याचाही भाऊ मेला." तेव्हा सासू धुरपताबाई काठी टेकत उठली. "माहा लेक मेला. म्हणून सुनेले जाळाचं का? इंद्रभान, मोठ्यानं बोल."

"रुख्मिणीनं जहर देलं नाही," इंद्रभान मोठ्यानं म्हणाला. "मी खोटं बोललो."

पाटील उठले. माणसं पागोटी सावरू लागली.

"थांबा," रुख्मिणी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "अन् त्याचं तोंड? ते आता मले कोण दाखवते?"

धुरपताबाईनं तिच्या दंडाला धरलं आणि दोघी घराकडे निघाल्या.