वीणा गळ्यात असताना

“नाव काय सांगू?” त्या मुलीनं विचारलं.

“तुला सांगावंसं वाटेल ते सांग,” सुरेखाताई म्हणाल्या.

मुलगी भिंतीवरच्या पंख्याकडं बघत राहिली आणि मग म्हणाली, “सृष्टी.”

ते तिचं नाव नाही, हे सुरेखाताईंना लगेच कळलं. स्वतःचं नाव माणूस असं चाखून बघत सांगत नाही. पण त्यांनी ते मनापासून लिहून घेतलं. नगर-पुणे रस्त्यालगतच्या त्या सरकारी दवाखान्यात, एक्स-रेच्या पलीकडच्या शेवटच्या खोलीत, एचआयव्हीची तपासणी करून घ्यायला येणारी निम्मी माणसं दुसऱ्याच कुणाची तरी नावं घेऊन येत. सुरेखाताई तिथं समुपदेशक होत्या. म्हणजे रक्त द्यायच्या आधी माणसाला धीर द्यायचा आणि निकाल आला की तो नीट शब्दांत सांगायचा. रक्त तपासायचं काम तंत्रज्ञ राहीलचं. तो शेजारच्या प्रयोगशाळेत बसे.

“इथं बोललेलं इथंच राहतं,” त्यांनी मुलीला सांगितलं. “बाहेर कुठं भेटलीस, बाजारात, एस्टीत, कुणाच्या लग्नात, तरी मी तुला ओळख दाखवणार नाही. तू आधी हसलीस तरच मी हसेन.”

“आन् कुनी इचारलं तर?”

“तरी नाही.”

मग मुलगी बोलती झाली. नवरा वाशीला मार्केटात कामाला. तिथं आजारी पडला, तपासणी झाली, आणि त्यानं फोनवर हिला एवढंच सांगितलं की तूपण करून घे, आईला कळू देऊ नको. घरी दात दुखतोय म्हणून सांगून ती आली होती. पोटात तिसरा महिना होता.

“बाळाला हुईल का, ताई?”

“तुला असलंच, आणि वेळेत औषध सुरू झालं, तर बाळ निरोगी व्हायची फार मोठी आशा असते. म्हणून तर वेळेत कळायला हवं. तू आलीस हे फार चांगलं केलंस.”

राहीलनं रक्त घेतलं. मुलगी निकालासाठी बाहेर बाकावर बसली. आणि मग सुरेखाताईंच्या हातून ती चूक झाली.

झाली ती कीर्तनाच्या वेडापायी. सुरेखाताईंचं सगळं बालपण मांडवाच्या खांबाला टेकून गेलेलं. मृदंगावर पहिली थाप पडली की त्यांचं अंग अजूनही शहारून येई. आठवडाभर मनात तेच घोळत होतं, आणि नेमक्या त्या वेळी वॉर्डातल्या सिस्टर दारात येऊन म्हणाल्या, रविवारी घरी जेवायला या. सुरेखाताई भर व्हरांड्यात बोलून गेल्या, “रविवारी कुठली यायला? आमच्या बोरदऱ्याचा सप्ताह बसलाय. माहेर ना माझं. दुपारी वीणेचा पहारा माझ्याकडं, रात्री कीर्तन. सोमवारी काल्याची रजासुद्धा टाकलीय.”

वळून बघतात तर बाक रिकामा.

गावाचं नाव ऐकून माणूस असा उठून जातो तो एकाच कारणानं. मुलगी बोरदऱ्याची होती, तिथं नांदत होती, आणि जिच्यासमोर तिनं काळीज उघडं केलं ती बाई तिच्याच सासरच्या गावची निघाली होती.

थोड्या वेळानं राहील आला. दार लोटून हळूच म्हणाला, “तीन तऱ्हेनं तपासलं, ताई. आहे.”

फोनचा नंबर तिनं दिला होता, पण त्यात एक आकडा कमी होता.

“बोरदऱ्याच्या आशा सेविकेला सांगायचं का?” राहील म्हणाला. “दिवस गेलेली नवी सून. लगेच सापडेल.”

“सापडेल की. पण शोधणाऱ्याच्या मागोमाग बातमीही घरोघर जाईल.”

“मग काय करायचं?”

“वाट बघायची,” सुरेखाताई म्हणाल्या. “मीच पळवलंय तिला.”

आठवडा वाट बघण्यात गेला. दार वाजलं की त्या मान वर करीत. औषध होतं, गोळ्या फुकट मिळत होत्या, एक बाळ वाचवता येत होतं, आणि हे सांगायचं जिला, तिचं खरं नावसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

लोक सुरेखाताईंना शिष्ट समजत. पारनेरच्या बाजारात त्या माणसांच्या तोंडाकडं बघत नसत, मेथीच्या जुड्यांकडं बघत. चुकून कुणाला नमस्कार केला आणि शेजारच्यानं विचारलं, ‘ही दवाखान्यातली तुला कशी ठाऊक?’ तर त्या बिचाऱ्यानं काय सांगावं? कीर्तनाला बसल्या की त्या डोळे मिटून घेत. बायका म्हणत, केवढी तल्लीन होते ही. ते खरंच होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं, डोळे उघडे ठेवले तर ओळखीचं कुणी दिसेल, या भीतीचं होतं.

रविवारी दुपारी त्या बोरदऱ्याच्या विठ्ठलमंदिरात गेल्या आणि एका म्हातारीच्या गळ्यातून वीणा आपल्या गळ्यात घेतली. सप्ताह चालू असतो तोवर ती वीणा जमिनीला टेकत नाही. दिवसरात्र कुणी ना कुणी ती गळ्यात घेऊन उभं असतं. एकाकडून दुसऱ्याकडं देताना दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. थोर कोण, धाकटं कोण, हे तिथं बघायचं नसतं. दुपारचे पहारे आता बायकांकडं आले होते. सुरेखाताईंचे वडील विणेकरी. ते म्हणत, वीणा गळ्यात असली की देवाला आपलं फार जवळून ऐकू जातं, तेव्हा तोंडात नाम असावं, आणि बोलावंच लागलं तर खरं बोलावं.

मांडवात चार बायका टाळ घेऊन बसल्या होत्या. कुणी डुलत होतं, कुणी डुलक्या घेत होतं. पहारा संपत आला तेव्हा पुढचा पहारा जिच्याकडं होता ती गोजरबाई पायऱ्या चढून आली. मागं डोक्यावर पदर घेतलेली सून.

“सुरेखा, आवंदा माजं गुडघं ऐकत न्हाईत बाई,” गोजरबाई टेकत म्हणाली. “माजा पारा हिला देते. ही आमची सुकन्या, अमृतची. पाया पड गं, कारभारीची भन हाय ही.”

सुनेनं पदर सावरला, वर बघितलं आणि जागच्या जागी थिजली.

सुरेखाताईंनी तार छेडणं सोडलं नाही. नजर मूर्तीच्या पायांवर नेऊन ठेवली. पण गोजरबाईनं अमृत पोटात असताना नवऱ्याच्या मागं शेत सांभाळलं होतं. तिला माणसाचं थबकणं न दिसतं तरच नवल.

“का गं, अशी का हुबी ऱ्हायली? वळखती काय सुरेखाला?”

सुकन्यानं पदर आणखी पुढं ओढला.

“सुरेखा, तू दवाखान्यातच अस्ती न्हवं?” गोजरबाईनं मोहरा इकडं वळवला. “ही मागल्या आटवड्यात दात दावाया तिकडं आल्ती. दिस्ली का न्हाई तुला?”

टाळ वाजवणाऱ्या दोघींनी टाळ थांबवले. गावात असा प्रश्न पडला की उत्तर ऐकायला सगळ्यांनाच सवड असते. गप्प राहावं तर गप्प राहणंच सांगून जाईल. ‘दिसली होती’ म्हणावं तर पुढचा प्रश्न तयार, दातांच्या खोलीत तू कशाला गेल्तीस? सुकन्याची बोटं पदराच्या टोकाला पीळ घालत होती.

सुरेखाताई हसल्या. “अगं मावशी, तिथं काय कमी गर्दी असती? मी तुज्या सुनंला आजच बगते. गोड हाय की पोर.”

“तर वं,” गोजरबाई सुखावली. “गुनाचीबी हाय.”

टाळ पुन्हा सुरू झाले. सुरेखाताईंनी वीणेचा पट्टा डोक्यावरून काढला आणि सुकन्याच्या गळ्यात घातला. दोघींची डोकी एवढी जवळ आली की एकीचा श्वास दुसरीच्या कानाला लागला. आठवडाभर जे वाक्य जिभेवर होतं ते सांगायला एवढी जागा पुरली असती. ‘औषध आहे, उद्या ये.’ बस्स. कुणाला ऐकूही गेलं नसतं.

पण तिला शब्द दिला होता. बाहेर ओळख दाखवणार नाही म्हणून सांगितलं, आणि आता देवळात कानाशी लागायचं? मग त्या खोलीला भिंती कसल्या? हिनं पुन्हा तिथं पाय कशाला ठेवावा?

सुरेखाताई वाकल्या आणि तिच्या पाया पडल्या. सुकन्याही वाकली. सुरेखाताईंनी तिचं बोट धरून तारेवर ठेवलं, कुणाही नवख्या बाईचं ठेवलं असतं तसं. “अशी हळू छेड. दमलीस की सांग, दुसरं कुनीतरी घेईल.” एवढंच बोलून त्या जाऊन बायकांत बसल्या.

“दिवस गेल्यात तिला,” गोजरबाई त्यांच्या कानाशी येऊन म्हणाली. “अजून कुनाला सांगितलं न्हाई.”

“मग मीबी न्हाई सांगत,” सुरेखाताई म्हणाल्या.

रात्रीचं कीर्तन रंगलं. महाराजांचा आवाज खणखणीत, मागं टाळकऱ्यांची दुहेरी ओळ, मृदंगवाला तर असा की बोटांनी बोलत होता. बोलता बोलता महाराज थांबले, उपरणं सावरलं आणि म्हणाले, “मंडळी, या पांडुरंगाला तुमचं-आमचं सगळं ठाऊक आहे. कुणी बांध कोरला, कुणी दुधात पाणी घातलं, सगळं. पण त्यानं आजवर एकाचं दुसऱ्याला सांगितलंय? सांगितलं असतं तर या मांडवात कुणी कुणाशेजारी बसलं असतं का?” सगळा मांडव हसला. डेअरीवाला तर तोंड लपवूनच हसला.

सुरेखाताई हसल्या नाहीत. देवाला गप्प राहणं जमतं, त्याला कुणी तोंडावर विचारत नाही. त्यांना बोलावं लागलं होतं, आणि तेही वीणा गळ्यात असताना.

कीर्तन सुटल्यावर भाऊ कारभारी आला. सप्ताहाचं सगळं तोच बघे. “उद्या काल्याच्या येळची ईना तू घ्यायची,” तो म्हणाला. “आबांनी लई वर्सं घेतली. पंच म्हनले, त्यांच्या लेकीला मान द्या.”

काल्याच्या वेळची वीणा. लहानपणी त्या वडिलांच्या धोतराला धरून उभ्या राहत, ती.

“माज्या हातनं नको, दादा.”

“का?”

“खांदा धरलाय.”

“खांदा धरलाय का दवाखाना धरलाय? रजा टाकल्तीस न्हवं?”

“ती मोडते. उद्या खोली उघडायला पायजे.”

“मग फुडल्या वर्साला घे.”

“फुडल्या वर्सालाबी दुसऱ्या कुनाला दे. मी खाली बसून आयकंन.”

कारभारीनं बहिणीकडं बघितलं. तिचं हे असंच, काही विचारायची सोय नाही. “शिष्टच हायस तू,” म्हणाला आणि मांडवातले दिवे बघायला गेला.

सोमवारी सकाळी राहीलला नवल वाटलं. “ताई, तुम्ही तर काल्याला जाणार होता.”

“नाही गेले.”

त्यांनी टेबल पुसलं, खुर्ची सरळ केली. एक जोडपं येऊन गेलं, एक कॉलेजातला मुलगा येऊन गेला. दुपार चढली तशी त्यांना बोरदऱ्यात आता काय चाललं असेल ते दिसू लागलं. हंडी फुटली असेल, पोरं दह्यानं माखली असतील, वीणा दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात असेल. दवाखान्यातली गर्दी पांगली. सफाईवाली व्हरांडा पुसायला लागली, तेव्हा दारात सुकन्या उभी होती.

“आत ये. दार लोटून घे.”

ती खुर्चीच्या कडेवर बसली. “दात अजून दुखतोय म्हनून सांगितलं. सासू म्हनली, आता उपटूनच ये.”

सुरेखाताईंना हसू आलं, तिलाही आलं. मग ते तिच्या ओठांवरून उतरलं.

“गळ्यात ईना हुती, आन् तुमी खोटं बोलला.”

“बोलले.”

“माज्यापायी.”

“तुला शब्द दिला होता.”

“मला रातभर झोप न्हाई,” सुकन्या म्हणाली. “म्हनलं, ह्या बाईनं देवाम्होरं एवढं केलं, आन् मी निस्ता निकाल ऐकाया भ्येते. सांगा आता.”

सुरेखाताईंनी खुर्ची ओढून घेतली आणि सांगितलं. आधी आजार आहे हे, लगेच औषधाचं, मग बाळाचं. घाई केली नाही, शब्द गिळले नाहीत. सुकन्या आवाज न करता रडली. मग डोळे पुसून तिनं गोळ्या कशा घ्यायच्या ते दोनदा विचारून घेतलं. घरी डबी कुठं ठेवायची, याचा विचार दोघींनी मिळून केला.

उठताना तिनं पिशवीतून स्टीलचा छोटा डबा काढला. “तुमी न्हवता, म्हनून काला आनलावता,” ती म्हणाली. झाकण उघडलं. आत दह्यात कालवलेल्या लाह्या, लोणच्याची एक फोड. डबा निम्मा रिकामा होता. तिनं तो बघितला आणि पटकन मागं ओढला.

“ऱ्हाऊ द्या, ताई. येताना एस्टीत मीच ह्यातलं खाल्लं. उष्टं हाय.” आणि जरा थांबून, “आता तर…”

सुरेखाताईंनी उजवा तळहात पुढं केला, खाली डाव्या हाताचा आधार दिला.

सुकन्यानं डबा पुन्हा पुढं घेतला. मग तिनं डब्यात बोटं घातली आणि चिमूटभर काला तळहाताच्या मधोमध ठेवला.

“एवढासाच?” सुरेखाताई म्हणाल्या.

सुकन्यानं नाक ओढलं, आणि मूठ भरून दुसरा घास वाढला.