नऊ फुटी स्वयंपाकघर

काशिनाथ पाटणकरांनी बत्तीस वर्षं कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात काढली आणि त्यांच्या ड्रॉइंगमध्ये साहेबाला कधी चूक सापडली नाही. हे आम्ही नाही सांगत, ते स्वतःच सांगत. पण खरं होतं. असा माणूस निवृत्त झाल्यावर स्वतःचं घर दुसऱ्याकडून आखून घेईल? नाव काढू नका! बाग सेवनिया वस्तीत प्लॉट घेऊन ठेवलेला होता, कारखान्याच्या टाउनशिपचं क्वार्टर तीन महिन्यांत सोडायचं होतं, आणि ठेकेदार प्रकाश मालवीय रविवारी सकाळी नकाशा न्यायला येणार होता. काशिनाथरावांनी घर आखायचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर चढवलं आणि मांडी ठोकून बसले.

कमलिनीबाईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, मागणं एकच होतं. "अहो, बाकी घर कसंही करा. स्वयंपाकघरात दोन माणसं मावली पाहिजेत."

क्वार्टरचं स्वयंपाकघर असं, की एकाला आत जायचं तर दुसऱ्यानं आधी बाहेर यायचं. तिथे बाईंचा जन्म गेला होता. नव्या घरातही तेच भोगायचं असेल तर ते नवं घर काय चाटायचंय, असं त्या तोंडावर म्हणत. काशिनाथरावांना वाटलं, मेव्हणी रत्नप्रभा दिवाळीला इंदूरहून येते, तिच्यासाठी हे चाललंय. त्यांनी नकाशात स्वयंपाकघराच्या सहा फुटांचे साडेसात केले. "अजून," बाई म्हणाल्या. त्यांनी नऊ केले.

"दिले गं बाई, नऊ दिले! आता तरी खूश?"

खूश कसल्या होतायत! सॉफ्टवेअरमध्ये घर उभं करून दाखवायची सोय होती. काशिनाथरावांनी ते बटण दाबलं, तर साडेसात फुटांच्या वेळी फ्रिज निम्मा भिंतीतून बाहेर आलेला होता, तो आता आख्खाच हॉलमध्ये जाऊन सोफ्याशेजारी उभा.

"बरं झालं," कमलिनीबाई म्हणाल्या. "पाहुण्यांना पाण्यासाठी उठायला नको."

काशिनाथराव पेटलेच. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. फ्रिज सोफ्यापाशीच. स्क्रीनचं कार्ड जुनं असेल म्हणून सेटिंग कमी केलं, तर भिंतींचा रंग उडाला आणि फ्रिज तिथेच. शनिवारची दुपार उलटली. "भिकार प्रोग्रॅम आहे!" ते ओरडले. नाचता येईना अंगण वाकडं, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण माणूस घामाघूम झालेला पाहून त्यांनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "भालचंद्र भावजींना बोलवा की."

भालचंद्र शिंदे मूळचे ग्वाल्हेरचे, कारखान्याच्या कॉम्प्युटर सेक्शनमधून निवृत्त होऊन आनंद नगरात राहणारे. स्कूटरवरून आले, चष्मा पुसला आणि पहिल्यांदा दम भरला, "आधी फाइल नव्या नावानं सेव्ह करा. बिघडली तर जुनी हाताशी राहते. आणि हँग झालं की दनादन क्लिक नाही मारायचं, थोडा सब्र करायचा."

मग त्यांनी माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घरात फिरायची सोय चालू केली. "वहिनी, चला, हे बाण दाबा. तुमचं घर आहे, तुम्हीच फिरा."

कमलिनीबाई बाण दाबत हॉलमधून स्वयंपाकघरात शिरल्या. चार पावलं गेल्या, वळल्या, आणि समोर लगेच भिंत! "हे नऊ फूट? अहो, हे तर आपलं क्वार्टरच आहे!"

भालचंद्र नकाशाकडे परतले. स्वयंपाकघराच्या मापावर नऊ लिहिलेलं होतं आणि नवाखाली बारीक रेघ. ते हसत सुटले. "काशिनाथराव, तुम्ही भिंत सरकवली कुठे? आकडा खोडून नुसता नवा लिहिला!"

"मग? माप बदललं की आकडा बदलायचा आणि खाली रेघ मारायची. चित्र पुन्हा कोण काढत बसतो? फिटर आकडा वाचतो."

"फिटर वाचतो हो. हा नाही वाचत! ह्याला फक्त भिंत कळते. भिंत धरून ओढा, आकडा आपोआप बदलेल. फ्रिज तुम्ही नवाच्या हिशेबानं ठेवला, भिंत सहावरच. तो बिचारा हॉलमध्ये जाणार नाही तर कुठे?"

काशिनाथरावांनाही हसू आलं, पण ते अर्ध्यातच विरलं. कमलिनीबाई हसत नव्हत्या.

"म्हणजे मी दोनदा मागितलं," त्या म्हणाल्या, "आणि दोन्ही वेळा मला नुसता आकडा दिलात."

काशिनाथरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. फसवायचं मनात नव्हतं, हात सवयीनं चालला होता. पण ही सबब सांगायचं तोंड राहिलं नव्हतं. त्यांनी भिंत धरली. ती ओढायची तर तीन फूट हॉलमधून जाणार होते, आणि मित्रमंडळींनी येऊन वा म्हणावं म्हणून तो हॉल त्यांनी हौसेनं मोठा ठेवला होता. त्यांनी एकदाही न थांबता भिंत ओढली. फ्रिज आत आला.

"आता फिरून बघ," ते म्हणाले.

"मी नाही. मला आता जमिनीवर दाखवा."

भालचंद्र निघून गेल्यावर काशिनाथरावांनी टेप आणि खडू घेतला आणि क्वार्टरच्या मागच्या अंगणात खऱ्या मापाचं स्वयंपाकघर आखलं. ओटा, फ्रिज, दार, सगळं. कमलिनीबाई आत जाऊन ओट्यापाशी उभ्या राहिल्या. दोन्ही कोपरं पसरून एक गिरकी घेतली. मग म्हणाल्या, "या."

"मी?"

"दारातून या, भिंतीतून नको."

ते दारातून आत गेले. बाईंच्या पाठीमागून फ्रिजपर्यंत जाऊन परत आले, कुठेही धक्का लागला नाही.

"बघ, रत्नप्रभा आली की आरामात मावेल," ते म्हणाले.

"रत्नप्रभा वर्षातून चार दिवस येते हो," कमलिनीबाई म्हणाल्या. "एवढी वर्षं मी आत आणि तुम्ही बाहेर. दुसरं माणूस म्हणजे तुम्ही."

काशिनाथरावांच्या हातात टेप होता, तो त्यांनी खिशात टाकला, आणि स्वयंपाकाला लागण्याआधी हात कुठे धुवायचे ते विचारलं.