मागून आलेली हाक

टक्!

चहाचं पाणी उकळणाऱ्या समोवारचं बटण आपोआप बंद झालं आणि ओराझबेकांच्या बैठकीतली शांतता मोडली. मित्रांनो, त्याच बैठकीच्या दाराशी उभा असलेला मी एक जुना स्पीकर आहे. मागचा, डावीकडचा.

कागदाचा पडदा, तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि लाकडी पेटी एवढाच माझा देह. आम्ही पाच भावंडं आणि सहावा तो खर्जात घुमणारा ढेरपोट्या. समोरच्यांच्या वाट्याला बोलणी आणि गाणी आली. मला आणि माझ्या जुळ्या भावाला पानांची सळसळ, घोड्यांच्या टापा. माणसाला मागे वळून पाहायला लावायचं, एवढंच आमचं काम.

बसवणारा कारागीर म्हणाला होता, "आजोबा, खोलीच्या मधोमध बसा, चहूकडून सारखं ऐकू येईल."

"दाराकडे सरकू? मी काय या घरचा गडी आहे?" ओराझबेक गरजले. मानाची जागा दारापासून सर्वांत लांब, नेमकी सिनेमाच्या पडद्याखाली. ते तिथेच बसले. मग आम्ही मागचे ऐकू येईनात, म्हणून त्यांनी आमचा आवाज भरमसाट वाढवला. दाराशी चहा ओतायला बसायची ती सून, दानागुल. माझा सगळा मारा तिच्या कानावर. तरी रोज माझी धूळ पुसायची ती तीच.

पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, ही आमच्या शिमकेंत शहरातल्या कित्येक घरांची रीत. दानागुलची शिनार सासूच्या, कामशातच्या, मांडीवर वाढली. ती कामशातला 'आई' म्हणायची आणि दानागुलला 'वहिनी'. कामशातने बजावलं होतं, "पोरीला कळू दिलंस, तर तिला घेऊन मी कायमची गावी जाईन." म्हणून दानागुल वहिनीच राहिली. निदान लेक डोळ्यांसमोर तरी होती.

एकदा शेजारचे सापार चहाला आले. "आमच्याकडे आता छतातही स्पीकर बसवलेत. पाऊस थेट डोक्यावर पडतो!"

"तुझं छत तसंही गळतंच," ओराझबेक म्हणाले. "आधी आवाजाच्या जुन्या आणि नव्या पद्धतीतला फरक तरी ऐक."

चित्रपटात हिमवादळात हरवलेली एक मुलगी आईला हाका मारत होती. कामशातला बिलगून शिनारही पाहत होती. आधी जुनी पद्धत लावली. तिच्यात आम्हा दोघा भावांना मिळून एकच दबका आवाज. आम्ही वारा होऊन घोंघावलो. हाक पडद्याकडूनच आली. दानागुल चहा ओतत राहिली.

मग तोच प्रसंग नव्या पद्धतीने. तिच्यात प्रत्येकाला आपापला वेगळा आवाज. आणि मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मला माणसाचा आवाज मिळाला! मी जीव ओतून ओरडलो, "आई!"

"आले गं माझ्या सोन्या, आले!" दानागुलच्या तोंडून निघून गेलं.

सगळ्यांच्या माना वळल्या. मी फुशारलो. पण ते मला पाहत नव्हते. दानागुलच्या हातातला पेला काठोकाठ भरून वाहत होता. पाहुण्याला चहा थोडाथोडाच द्यायचा. भरलेला पेला म्हणजे 'आता उठा'.

"घ्या! सूनबाईंनी हाकललंच की आम्हाला," सापार हसले. दुसरं कुणी हसलं नाही.

"दाखवलास रंग?" कामशात म्हणाली. "उद्याच निघते पोरीला घेऊन."

"सासूबाई, चुकून निघालं हो."

"चुकून निघतं ते पोटातलंच असतं."

ओराझबेकांनी माझी तार उपटली. "मागून बोलणारा या घरात नको." सापारांनी जाताना आपला ओला पेला माझ्या डोक्यावर ठेवला. तिथलं लाकूड आता फुगलंय.

मित्रांनो, जुन्या स्पीकरवर ओलं काही ठेवू नका. आणि पद्धत जुनी घ्या की नवी, घरातलं कोण कुठे बसतं ते आधी बघा. दाराशी बसणाऱ्यालाही कान असतात.

सकाळी गाडी दारात आली. दानागुल गुडघ्यांवर बसून शिनारच्या कोटाची बटणं लावत होती. शेवटचं बटण तिच्याच्याने लागेना.

"वहिनी," शिनारने विचारलं, "त्या मुलीने तर तिच्या आईला हाक मारली होती. मग ओ तू का दिलीस?"