जिभेवरचे पाहुणे

कडोलीच्या साहित्य संमेलनाला वक्ते लांबून बोलावतात. गावात आपली जीभ असताना हा खटाटोप कशाला, असं गुणाबाईला दर वर्षी वाटायचं.

त्याच जिभेच्या कडेला गाठ उठली. चाळीस वर्षं निपाणीच्या तंबाखूची मिश्री लावली, तिनं पांग फेडले. बेळगावचे डॉक्टर म्हणाले, "अर्धी जीभ काढावी लागेल."

"त्यापरीस मुंडकं न्या."

मग नात श्रिया पुढं झाली. ती त्याच दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. तिथं नवा प्रयोग चालला होता. खसखशीएवढ्या गोळ्या, गोळीत जिवंत जंतू कोंडलेले. त्या सुईनं गाठीत बसवायच्या.

"जंतू? माझ्या तोंडात?" सून पूर्णिमानं घासलेली भांडी गुणाबाई आजवर पुन्हा विसळून घ्यायची, ती जंतूंच्याच नावानं.

"आज्जी, ते बाहेर येत न्हाईत गं. आत बसून विष करतात. बारीक भोकांतनं विष तेवढं गाठीवर जातंय."

"म्हंजे आत्तीगतच की," पूर्णिमा सासूकडं बघत म्हणाली. "उंबरा ओलांडायचा न्हाई, पर गल्लीत कुणाला सोडायचं न्हाई."

गुणाबाईनं रागारागानं संमतीच्या कागदावर चार अक्षरांची सही ठोकली.

अट एकच निघाली. आठ दिवस नळीनं पेज घ्यायची आणि अवाक्षर बोलायचं नाही. गोळ्या सरकल्या तर कापण्यावाचून इलाज नाही. जीभ वाचवायची तर जीभ आवरायची!

गोळ्या बसवून गुणाबाई घरी आली. पूर्णिमानं भांडी एकदाच घासली, तीही सासूच्या डोळ्यांदेखत. गुणाबाई नुसती बघत राहिली. आतले जंतू विष ओकून मोकळे होत होते, तिचं मात्र सगळं साठत होतं.

पाचव्या दिवशी शेजारची मनुबाई चहाला टेकली. "सुनेची दिवाळी झाली असंल. शिळंपाकं घालून मारंल बघ तुला. आईबापानं वळणच लावलं न्हाई तिला." गुणाबाई गप्प. "बघ, तुलाबी पटलं! सांगते गल्लीत, गुणाक्कानंच मान हालवली म्हणून."

शब्द गुणाबाईचेच होते, तीस वर्षं वापरलेले. पण तिच्या सुनेला बोलायचा मक्ता मनुबाईला कुणी दिला? गुणाबाईचं तोंड उघडलं. जीभ उचलायच्या आत तिनं दोन्ही हातांनी ओठ दाबून धरले. मग उठली, मनुबाईच्या हातातली कपबशी काढून घेतली, चहा मोरीत ओतला आणि दाराकडं बोट केलं.

मनुबाई पदर झटकत गेली. आतल्या दारात पूर्णिमा उभी होती, सगळं ऐकून.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं. गाठ वाढली नव्हती, जराशी नरमली होती. तीन महिने वाट बघायची. जीभ तूर्त जागेवर.

"आता हळूहळू बोला," डॉक्टर म्हणाले.

पूर्णिमाचे डोळे भरून आले. सासू काय बोलते म्हणून ती कान देऊन उभी राहिली. गुणाबाईनं घसा खाकरला.

"त्या मनुबाईला दिलीस ती कपबशी," ती म्हणाली, "नीट घासली न्हवतीस."

पूर्णिमानं डोळे पुसले आणि श्रियाकडं वळली.

"गोळ्या जाग्यावर हायत गं. विष बाहेर याय लागलंय."